सगळंच 'अंडाकृती' कसं असेल?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपला पेपर आमच्या घरी रोज येतो आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला जातो, म्हणून हे पत्र. थोडं मोठं झालंय, पण छापलंत तर बरं होईल. मागच्या आठवड्यात मुलांच्या पुरवणीत पृथ्वी सूर्याभोवती कशी फिरते यावर मजकूर होता, त्यात पृथ्वीची कक्षा 'अंडाकृती' असं लिहिलंय. त्याच आठवड्यात शहराच्या पानावर एका मैदानातल्या धावायच्या ट्रॅकची बातमी आली, तोही 'अंडाकृती'. आणि आरोग्याच्या सदरात बीपीच्या एका गोळीचं वर्णन होतं, तीसुद्धा 'अंडाकृती'. या तिघांचे आकार तीन वेगळे आहेत आणि तिघांतला एकही अंड्यासारखा नाही.

कोणी म्हणेल की एवढं काय त्यात, लोकांना कळतं ना. मला हे पटत नाही. मी वागळे इस्टेटमध्ये टूलरूमला नोकरी केली, तिथे आकाराचं नाव चुकलं की जॉब भंगारात जातो, त्यामुळे आकार बोलताना नीट बोलावं ही सवय हाडात गेलीय. आणि दुसरं म्हणजे माझी नात सातवीत आहे, सेमी इंग्लिशला, गणित-विज्ञान इंग्रजीत आणि भूगोल मराठीत, ती तुमची पुरवणी वाचून मला विचारायला आली की आजोबा, पृथ्वीची कक्षा एका बाजूला टोकदार असते का. तिने शब्दाचा जो सरळ अर्थ होतो तोच घेतला, तिचं काय चुकलं?

अंडं हातात घेऊन बघा. एक टोक रुंद, एक निमुळतं, हवेची पोकळी असते ती रुंद टोकाकडे. उभं कापलं तर दोन्ही भाग सारखे येतात, आडवं मधोमध कापलं तर येत नाहीत. म्हणजे अंडाकृती म्हटलं की एक बाजू निमुळती हे त्या शब्दातच आलं. इंग्रजीत ओव्हल हा शब्दही लॅटिनमधल्या ओव्हम म्हणजे अंडं यावरूनच आलाय, पण तिकडे तो वापरून वापरून इतका सैल झालाय की जे काही लांबट आणि गोलसर असेल ते सगळं ओव्हल, क्रिकेटचं मैदानसुद्धा. आमच्याकडे गॅरेजवाले 'बोअर ओव्हल झालाय, रीबोअर करावं लागेल' असं म्हणतात आणि तिथे ते चालतं, कारण त्यांना एवढंच सांगायचं असतं की पिस्टन घासून घासून सिलिंडरचा गोल बिघडला. पण पेपरात आपण त्या सैल इंग्रजी शब्दाचा एक घट्ट मराठी शब्द केला आणि मग तो सगळीकडे चिकटवत सुटलो.

कक्षेचं तर फारच वाईट वाटतं, कारण हीच चूक इतिहासात एकदा तपासून टाकून दिलेली आहे. खगोलशास्त्रज्ञ केपलरने टायको ब्राहे या दुसऱ्या खगोलशास्त्रज्ञाच्या आकाश निरीक्षणाच्या नोंदी घेऊन मंगळाच्या कक्षेचं गणित मांडलं तेव्हा वर्तुळ बसेना, मग त्याने कक्षा खरंच अंड्यासारखी असेल, एका टोकाला निमुळती, असं धरून आकडेमोड केली. तीही बसली नाही. शेवटी लंबवर्तुळ, म्हणजे दोन्ही टोकांना सारखं असलेलं लांबट वर्तुळ, घेतलं तेव्हा नोंदी जुळल्या आणि ते त्याने १६०९ मध्ये पुस्तकात छापलं. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी केपलरने जो आकार घाम गाळून खोडून काढला तोच आपण आज मुलांना शिकवतोय.

आणि ते चित्र! कक्षा दोन्हीकडून दाबून इतकी लांब काढलीय आणि सूर्य बरोब्बर मधोमध. प्रत्यक्षात उलट आहे. पृथ्वीच्या कक्षेची विकेंद्रता, म्हणजे ती वर्तुळापासून किती ढळली त्याचं माप, ०.०१६७ आहे, या आकड्याचा अर्थ मी टूलरूमच्या भाषेत सांगतो. कक्षा एक मीटर लांबीची काढली, म्हणजे १००० मिमी, तर तिची रुंदी येईल ९९९.८६ मिमी. फरक ०.१४ मिमीचा, फीलर गेजचं (बारीक फट मोजायच्या साधनाचं) अगदी पातळ पातं जाईल एवढा. कोणाच्या डोळ्याला तो दिसणार नाही, कक्षा गोलच दिसेल. पण सूर्य मात्र मध्यापासून साधारण ८ मिमी सरकलेला असेल आणि तो नुसत्या डोळ्यांनी दिसेल. म्हणजे जे दिसायला पाहिजे (सूर्य मध्यावर नाही) ते चित्रात नाहीच, आणि जे दिसायला नको (चपटेपणा) ते मात्र ठसठशीत. मग पोरं समजतात की पृथ्वी सूर्याच्या जवळ गेली की उन्हाळा. खरं तर ती सगळ्यात जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, साधारण १४.७ कोटी किमी, आणि सगळ्यात लांब जुलैच्या सुरुवातीला, १५.२ कोटी किमी. ऋतू होतात ते आसाच्या साडेतेवीस अंशांच्या कलण्यामुळे. एका चुकीच्या शब्दाने आणि एका चुकीच्या चित्राने केवढा गैरसमज होतो बघा.

आता लंबवर्तुळ हा शब्द तरी बरोबर आहे का, तर नातीने तिथेही मला अडवलं. गणितात लंब म्हणजे ९० अंशात असलेली रेघ, मग लंबवर्तुळ म्हणजे उभं वर्तुळ का? प्रश्न एकदम रास्त आहे. याचं उत्तर मला शब्दांच्या मुळात सापडलं आणि ते इतकं आवडलंय की सांगितल्याशिवाय राहवत नाही. संस्कृतमध्ये लम्ब् हा धातू आहे, अर्थ लोंबणे, लटकणे. गवंडी भिंत सरळ आहे का ते बघायला दोरीला वजन बांधून सोडतो तो ओळंबा, तो अवलंब या शब्दावरून आला. ओळंबा लोंबतो तो जमिनीशी ९० अंश करून, म्हणून भूमितीतला लंब. घड्याळातला लंबक त्याच घरातला. आणि जे लोंबतं ते लांब दिसतं, म्हणून आपला रोजचा लांब. पडवळाच्या टोकाला दगड बांधून ते लोंबत ठेवतात, सरळ आणि लांब वाढावं म्हणून, तिथे लोंबणं आणि लांब होणं एकत्रच बघायला मिळतं. काम लटकलं की विलंब, कोर्टात लटकलं की प्रलंबित, आणि पोट पुढे आलेला तो लंबोदर, गणपतीच्या नावातला लंब ९० अंशांचा नाही हे लहान मुलालाही कळतं. लंबवर्तुळातला लंब हा लंबोदराचा लंब, लांब झालेला. एवढं सांगितलं आणि पोरगी खूश.

वर्तुळाचं मूळ वृत् म्हणजे फिरणे. वाटोळा हा त्याचाच घासून आलेला मराठी भाऊ, आणि आपण ज्या पेपरात हे वाचतोय त्या वृत्तपत्रातलं वृत्तही त्याच धातूचं, घडून गेलेलं ते वृत्त आणि फिरून आलेलं तेही वृत्त.

वरच्या वर्गात याच आकाराला विवृत्त म्हणतात, मराठी विश्वकोशातही हाच शब्द आहे, सोबत त्याच्या जातीच्या दुसऱ्या दोन आकारांची नावं, अन्वस्त (पॅराबोला) आणि अपास्त (हायपरबोला). शास्त्राच्या पुस्तकात ते राहू देत. पण पेपरात लंबवर्तुळच बरं, ते ऐकून माणसाच्या डोळ्यासमोर काहीतरी उभं राहतं. ग्रीकांचा शब्द तर त्याहून अवघड, इलिप्स म्हणजे कमी पडणं. पेर्गाच्या अपोलोनियसने इसवी सनापूर्वी २०० च्या सुमारास शंकू कापून येणाऱ्या आकारांना ही नावं दिली, एका क्षेत्रफळाची दुसऱ्याशी तुलना करताना जे कमी पडतं ते इलिप्स, जे जास्त होतं ते हायपरबोला. वाक्यात शब्द गाळून आपण तीन टिंबं देतो त्यालाही इंग्रजीत याच मुळातून इलिप्सिस म्हणतात. नावामागे सगळं गणित, डोळ्याला दिसेल असं त्यात काही नाही.

उलट आपल्याकडचा जुना शब्द बघा. इसवी सन ८५० च्या सुमारास महावीराचार्यांनी गणितसारसंग्रह लिहिला, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, म्हणजे ज्याचे मांडलिक शिलाहार तेव्हा आपल्या या ठाणे भागावर राज्य करत होते तो अमोघवर्ष, कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत त्याचं नाव आहे. महावीराचार्य या आकाराला आयतवृत्त म्हणतात. आयत म्हणजे ताणलेलं, लांबवलेलं. शाळेतला आयतही तोच, ताणलेला चौकोन. आणि गंमत बघा, वर्तुळ एकाच दिशेने सारखं ताणलं तर गणिताच्या दृष्टीने तंतोतंत लंबवर्तुळच तयार होतं, अंदाजे नाही, तंतोतंत. त्याचा परीघ काढायचा नियमही त्यांनी दिलाय, अगदी काटेकोर नाही, पण वर्तुळाला लावला तर परीघ व्यासाच्या √१० पट येतो, म्हणजे पायची (π) एक जुनी किंमत. हजाराहून जास्त वर्षांपूर्वी आपल्या माणसाकडे या आकाराला स्वतंत्र नाव होतं, आणि तेही अंड्याचं नाही. एवढंच नाही, त्याच ग्रंथात यवाकार म्हणजे जवाच्या दाण्यासारखं, मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळतं असं क्षेत्र वेगळं आहे, मृदंगाच्या आकाराचं वेगळं, वज्राच्या आकाराचं वेगळं.

यवाकार वाचलं आणि मला आईचे गव्हले आठवले. आताच्या मुलांना माहीत नसतील म्हणून सांगतो. रवा भिजवून घट्ट मळायचा, त्यातला टाचणीच्या डोक्यापेक्षा थोडा मोठा कण अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरायचा आणि एकदाच असा वळायचा की मधे जाडसर आणि दोन्ही टोकं निमुळती, गव्हाच्या दाण्यासारखं, म्हणून गव्हला. दोन्ही टोकं सारखी आली नाहीत तर आई तो परत गोळ्यात टाकायची. सुपात वाळत घालायचे, मग खीर. नखाने दाबून केलेल्या त्या नखुल्या, बोटाने वळलेले ते बोटवे, मालत्या वेगळ्या, या सगळ्याला मिळून वळवट. तांदळाएवढ्या वस्तूच्या आकारात जिथे एवढा फरक केला जातो आणि प्रत्येकाला स्वतःचं नाव आहे, त्या भाषेला कक्षा, ट्रॅक आणि गोळी यांच्यासाठी एकच शब्द पुरतो हे मी कसं मान्य करू?

आता ट्रॅककडे येतो, कारण हा आकार माझ्या धंद्यातला. धावायचा ट्रॅक लंबवर्तुळ नसतो आणि अंडाकृती तर मुळीच नसतो. दोन सरळ बाजू आणि दोन्ही टोकांना अर्धवर्तुळं. ४०० मीटरच्या नेहमीच्या ट्रॅकला सरळ बाजू ८४.३९ मीटरची आणि अर्धवर्तुळाची त्रिज्या ३६.५० मीटर, आणि अंतर मोजायचं ते आतल्या कडेपासून ३० सेंमी बाहेरून, तेव्हा बरोबर ४०० भरतात. लंबवर्तुळात सरळ रेघ कुठेच नसते, एक मिलिमीटरसुद्धा नाही, हा मोठा फरक.

शॉपवर याच आकाराचं होल आम्ही रोज पाडायचो. मोटरच्या बेसप्लेटला बघा, बोल्टची भोकं गोल नसतात, लांबट असतात, कारण बेल्ट ढिला झाला की मोटर मागे सरकवून ताण द्यायचा असतो, बोल्टला खेळायला जागा पाहिजे. १२ मिमीचा एंडमिल (फिरत फिरत धातू कापणारं गोल हत्यार) खाली उतरवायचा, २० मिमी सरळ चालवायचा आणि वर घ्यायचा, झाला स्लॉट. टोक ते टोक लांबी ३२, सेंटर ते सेंटर २०. ड्रॉइंगवर नुसतं 'स्लॉट १२ बाय ३२' लिहिलं आणि नवीन पोराने ३२ सेंटर ते सेंटर धरले की होल ४४ चं होतं आणि प्लेट गेली. म्हणून तिथे नाव आणि माप दोन्ही स्पष्ट लागतं. तरी नावं बघाल तर कोणी स्लॉट म्हणतं, कोणी कॅप्सूल होल, कोणी लांबट होल, आणि पंचिंगच्या टूलच्या कॅटलॉगमध्ये याला ऑबराउंड म्हणतात, म्हणजे ऑब्लाँग आणि राउंड यांचा जोडशब्द. ऑब्लाँग लॅटिनमधून आलेला, त्याच्यात लाँग म्हणजे लांब आहेच. इंग्रजीत ऑब्लाँग म्हटलं की कोणी लांबट चौकोन समजतो तर कोणी लांबट गोल, तिकडेही गोंधळ आहे, म्हणून कारखान्यातल्या लोकांनी शेपटीला राउंड जोडून प्रश्न मिटवला. भूमितीत याच आकाराला स्टेडियम असंही नाव आहे, धावायच्या मैदानावरून. ग्रीकमध्ये स्टेडियन हे धावण्याच्या अंतराचं माप, ऑलिंपियाचं स्टेडियन साधारण १९२ मीटर भरतं.

मराठीत मला विचाराल तर या आकाराला कॅप्सूलसारखा म्हणावं. इंग्रजी शब्द आहे म्हणून काय झालं, ठाण्यात भाजीवालीपासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना माहीत असलेली वस्तू आहे ती. कॅप्सूल म्हणजे लॅटिनमध्ये छोटी पेटी. मधे नळी आणि दोन्ही टोकांना अर्धे गोल. ट्रॅक हा सपाट आकार आणि कॅप्सूल ही भरीव वस्तू हा फरक आहे, तो मला मान्य आहे, पण बातमीत 'कॅप्सूलच्या आकाराचा ट्रॅक' लिहिलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर बरोबर तोच ट्रॅक येतो, अंडाकृती लिहिलं की येत नाही.

गोळीचा विषय मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कक्षेपेक्षाही. आमच्या सोसायटीत म्हातारी माणसं खूप, निम्म्यांची मुलं पुण्याला नाहीतर परदेशात. गोळ्यांची नावं इंग्रजीत, अक्षर बारीक, पत्रा अर्धा कापलेला. मग लक्षात ठेवायचं कसं तर आकार आणि रंग. मेडिकलवाला मुलगा पत्रा हातात घेऊन सांगतो, 'काकी, ही लांबुळकी पांढरी सकाळी, ही छोटी गोल गुलाबी रात्री.' बघा, त्याने किती अचूक शब्द वापरला. लांबुळकी. त्याला कोणी शिकवला नाही, घरातून आला. आता तीच काकी आपल्या पेपरात वाचते की अमुक गोळी अंडाकृती असते, आणि स्वतःच्या डब्यातली बघते तर दोन्ही टोकं सारखी, मग तिला शंका येते की आपली गोळी बदलून आली की काय. औषधाच्या बाबतीत असली शंका वाईट. काही जण घ्यायचीच थांबतात.

लांबुळका हा शब्द लिहिण्यातून जवळपास गेलाच आहे आणि तो परत यावा असं मला मनापासून वाटतं. जांभळी नाक्याच्या मार्केटमध्ये अजून ऐकू येतो, वांगी लांबुळकी देऊ की भरताची गोल, असं बायका विचारतात. दुधीला, काकडीला, बटाट्यालाही चालतो. यात गणिताचा दावा नाही, एक टोक निमुळतं की दोन्ही, बाजू सरळ की वळलेल्या, काही नाही, फक्त गोलाईत आहे पण एका बाजूने लांब आहे एवढंच. नेमका आकार माहीत नसेल तेव्हा बातमीदाराने हा शब्द वापरावा, चुकायची भीतीच नाही. लांबट गोल म्हटलं तरी चालेल. अंडाकृतीपेक्षा दोन्ही बरे, कारण दोन्ही खरे.

आणि भरीव वस्तू असेल तर लंबगोल आहेच. वाशीच्या मार्केटमध्ये उन्हाळ्यात ते किरण जातीचं गडद हिरवं कलिंगड येतं ते लंबगोल, रग्बीचा चेंडू लंबगोल, नर्मदेत सापडणारे बाणलिंगाचे गुळगुळीत दगड बरेचसे लंबगोल. पृथ्वी मात्र लंबगोल नाही, तिचं बरोबर उलट आहे, विषुववृत्तावर व्यास १२,७५६ किमी आणि ध्रुवातून १२,७१४ किमी, म्हणजे ती ध्रुवांकडे चपटी. एका दिवाळी अंकात पृथ्वीलाही लंबगोल म्हटलेलं वाचलंय, म्हणून मुद्दाम लिहिलं.

संपादक महोदय, माझी मागणी मोठी नाही. अंडाकृती शब्द काढून टाका असं मी म्हणत नाही, ज्याचं एक टोक खरंच निमुळतं आहे त्याला जरूर म्हणा, अंड्याला तर म्हणाच. कक्षा असेल, तिरका कापलेला पाइप असेल, तिरक्या कापलेल्या काकडीची चकती असेल तर लंबवर्तुळ. ट्रॅक, स्लॉट, गोळी असेल तर कॅप्सूलसारखा. भरीव आणि लांबट असेल तर लंबगोल. काहीच सांगता येत नसेल तर लांबुळका. आपल्याकडे मुद्रितशोधक मंडळी आहेत, ऱ्हस्व-दीर्घ बघताना हेही बघितलं तर होण्यासारखं आहे.

आणि मुलांच्या पुरवणीत ते कक्षेचं चित्र परत एकदा छापा ही विनंती. फार काही लागत नाही त्याला. कंपासने २० सेंमी व्यासाचं साधं वर्तुळ काढा, या मापाला कक्षेची रुंदी लांबीपेक्षा ०.०३ मिमीने कमी येते, छपाईच्या रेघेची जाडी त्याहून जास्त असते, त्यामुळे वर्तुळ काढलं तरी चूक होत नाही. सूर्याचं टिंब मध्यबिंदूवर देऊ नका, त्याच्या डावीकडे १.७ मिमीवर द्या. डाव्या कडेला 'जानेवारी' लिहा, उजव्या कडेला 'जुलै'. मुलांना पट्टी घेऊन मोजू द्या.

आपला,
एक नियमित वाचक
वर्तकनगर, ठाणे (प.)